मालक मागेच राहतो

संध्याकाळी आम्ही दोघं सोसायटीच्या फाटकाबाहेर पडलो की कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत पोचायच्या आत कुणीतरी विचारतंच, "काका, याला खायला घालत नाही का हो?" सर्जाच्या बरगड्या लांबून मोजता येतात, पोट पाठीला टेकायला निघाल्यासारखं आत गेलेलं, आणि पाय असे की दुसऱ्याच कुठल्या उंच जनावराचे उसने आणलेत असं वाटावं. पहिले दोन-तीन महिने मी थांबून समजावून सांगायचो, की हा कारवान जातीचा शिकारी कुत्रा आहे, याची ठेवणच अशी असते, दोन्ही वेळा व्यवस्थित जेवतो. आता म्हणतो, "चतुर्थी आहे त्याची." लोक हसतात आणि पुढे जातात. या सगळ्या वेळात सर्जा विचारणाऱ्याकडे एकदाही बघत नाही. तो रस्त्याच्या पार टोकाकडे बघत असतो, जिथं मला काहीही दिसत नाही.

तो माझ्याकडे आला तेव्हा 14 महिन्यांचा होता. आधीचा मालक ओळखीतल्या ओळखीचा एक तरुण. 30 ऑगस्ट 2020 च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी देशी कुत्री पाळा असं सांगताना मुधोळ हाउंडचं, म्हणजे याच जातीचं, नाव घेतलं, आणि त्यानंतर ज्यांना ज्यांना हौस आली त्यांतला हा एक. कुत्रं सोपवताना त्यानं तक्रारींचा पाढाच वाचला. हाक मारली की येत नाही. चेंडू टाकला की चेंडूकडे बघतो, मग आपल्याकडे बघतो, आणि बसून राहतो. पाहुण्यांनी डोक्यावर हात ठेवला की उठून दुसऱ्या खोलीत जातो. रागावलं तर दोन दिवस जेवत नाही. आणि मांजर दिसलं की कान असून नसल्यासारखे. "नाव काय ठेवलंय?" मी विचारलं. "रॉकी. पण त्याला अजून कळलेलं नाही."

मला हसू आवरेना. त्या पोरानं नकळत या जातीचं लक्षणगीत म्हणून दाखवलं होतं. नाव मी बदललं, सर्जा ठेवलं. त्यालाही तो ओ देत नाही.

आमचं मूळ गाव जत तालुक्यात. तिथल्या आठवडी बाजारात निम्मी बोलणी कानडीत होतात. आबा, म्हणजे माझे आजोबा, बैलांशी मराठीत बोलायचे आणि कुत्र्यांशी कानडीत. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. आमच्याकडे या कुत्र्याला मुधोळ कुणी म्हणत नव्हतं. कारवान, नाहीतर करवानी. कानांना आणि शेपटीला रेशमासारखे लांब केस असले तर पश्मी. पश्म म्हणजे लोकर आणि कारवान म्हणजे काफिला, दोन्ही शब्द फारसी, आणि या कुत्र्याच्या आडनावासारखे ते त्याच्या मागोमाग आलेले. बहमनी आणि पुढे आदिलशाही काळात इराण, अरबस्तान, अफगाणिस्तानातून जे शिपाई, घोड्यांचे व्यापारी दख्खनेत उतरले त्यांच्यासोबत तिकडची सलुकी आणि ताझी जातीची कुत्री आली आणि इथल्या रक्तात मिसळली, असं जाणकार मानतात. पश्मीला सलुकीशेजारी उभं केलं तर त्यासाठी वेगळा पुरावा मागावासा वाटत नाही.

मुधोळ हे नाव चिकटलं ते विसाव्या शतकात. मुधोळ आज कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात आहे, घटप्रभेच्या काठच्या ऊसपट्ट्यात. मराठी माणसाला मुधोळ म्हटलं की आधी आठवतो बाजी घोरपडे. 1648 मध्ये जिंजीच्या छावणीत शहाजीराजांना कैद करण्यात पुढे असलेला, आणि 1664 मध्ये शिवाजी महाराजांच्या स्वारीत मारला गेलेला. कानडी माणसाला आठवतो तो दहाव्या शतकातला कवी रन्न. कुत्र्याचा नंबर तिसरा. त्याच घोरपडे घराण्यातले राजे मालोजीराव यांनी आपल्या मुलखातल्या बेडर लोकांकडची शिकारी कुत्री हेरली, राजाश्रय देऊन त्यांची पैदास सुरू केली आणि एक जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जना नजर केली. राजाच्या हातून गेलेल्या वस्तूला राजाच्या गावाचं नाव लागणार, हे ओघानंच आलं. 2005 साली टपाल खात्यानं चार देशी कुत्र्यांची तिकिटं काढली तेव्हा हिमालयी मेंढपाळ कुत्रा, रामपूर हाउंड आणि राजापलयम यांच्या पंगतीला 'मुधोळ हाउंड' बसला. ज्यांच्या झोपडीपुढे तो आधी बांधलेला होता त्यांचं नाव तिकिटावर यायचं काही कारण नव्हतं. आजही केनेल क्लब ऑफ इंडियाच्या वहीत तो कॅरव्हान हाउंड आहे आणि इंडियन नॅशनल केनेल क्लबच्या वहीत मुधोळ हाउंड. दोन्हीकडचे लोक यावर तासन् तास भांडू शकतात. मी एकदा ऐकत बसलो होतो, चहा तीनदा झाला.

पण शिकारी कुत्र्यावर जीव टाकायची दख्खनची खोड काफिल्यांच्याही आधीची आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वरानं रचून घेतलेल्या 'मानसोल्लासा'त राजाच्या करमणुकींमध्ये 'सारमेयविनोद' म्हणून कुत्र्यांचं स्वतंत्र प्रकरणच आहे. आणि मंड्या जिल्ह्यातल्या अतकूरचा शिलालेख तर मला कुठल्याही वीरगळापेक्षा जवळचा वाटतो. शके 872 चा, म्हणजे इ.स. 949-50 चा. राष्ट्रकूट आणि चोळांच्या तक्कोलमच्या लढाईत पराक्रम गाजवलेल्या मनलेर नावाच्या योद्ध्याला राजानं 'माग काय हवं ते' म्हटल्यावर त्यानं गाव मागितलं नाही, सोनं मागितलं नाही. काळी नावाची शिकारी कुत्री मागितली. पुढे बेळतूरच्या डोंगराजवळ या काळीला एका मोठ्या रानडुकरावर सोडलं, आणि दोघंही झुंजून तिथंच मेली. मनलेरानं देवळापुढे तिचा दगड उभा केला, त्यावर डुक्कर आणि कुत्री झुंजताना कोरून घेतली, पूजेसाठी जमीन लावून दिली. आणि शेवटी पुजाऱ्याला दम भरला: या दगडाची पूजा न करता जेवशील तर त्या कुत्रीचं पाप तुला लागेल. तो दगड आता बंगळुरूच्या सरकारी संग्रहालयात आहे. काळी कुठल्या जातीची होती ते विचारायचं नाही. हजार वर्षांपूर्वीच्या या माणसाचा हट्ट मात्र मी आबांच्यात पाहिलेला आहे.

कारवान वासावर शिकार करत नाही, नजरेवर करतो. सगळं अंग त्या हिशेबानं घडलेलं. डोकं लांब आणि अरुंद, डोळे बाजूला सरकलेले, त्यामुळे मान न वळवता दोन्ही बगलांचं रान दिसतं. छाती खोल, कारण आत काळीज आणि फुप्फुसांना जागा हवी. कंबर बारीक आणि कमानीसारखी लवचिक. धावताना ही जात एकेका ढांगेत दोनदा चारही पाय जमिनीवरून उचलते: एकदा अंग पूर्ण ताणलेलं असताना, आणि एकदा मागचे पाय पुढच्यांच्या पुढे येऊन गोळा झालेलं असताना. म्हणजे पळणं कमी आणि उडणं जास्त. जगात सगळ्यात वेगवान ग्रेहाउंड, ताशी 65-70 किलोमीटर. कारवान त्याच्या मागे राहतो. पण ग्रेहाउंडला आमच्या माळावर, दगडगोट्यांत आणि एप्रिलच्या उन्हात सोडून बघावं, असं आबा म्हणाले असते. त्यांनी ग्रेहाउंड पाहिला नव्हता, पण त्यामुळे त्यांचं मत बदललं नसतं.

आबांच्या तरुणपणी शिकार म्हणजे प्रामुख्यानं ससा. सुगी उरकली, ज्वारीची रानं मोकळी झाली की पहाटे निघायचं. कुत्र्याला रात्री जेवण नाही, उपाशीही नाही. ज्वारीच्या कण्या ताकात, तेवढंच. कुत्री नेहमी दोन, कारण ससा सरळ पळून जीव वाचवत नाही. कुत्र्याचा श्वास शेपटीला लागला की तो जागच्या जागी गिरकी घेतो, आणि पाठीमागचं धूड आपल्याच वेगात दहा हात पुढे निघून जातं. दुसरं कुत्रं त्या गिरकीसाठी. एकानं दाबायचं, दुसऱ्यानं वळण धरायचं, आणि कोण काय करणार हे त्या दोघांनी पळतापळता ठरवायचं. 'शिकारीच्या वेळी कुत्रं हागायला' ही म्हण आबांना मुळीच खपायची नाही. म्हणायचे, ज्यानं ती केली त्यानं कारवान पाळलंच नसंल.

सगळा स्वभाव इथंच आहे, हे मला फार उशिरा, सर्जा घरात आल्यावर कळलं. वासावर जाणारं कुत्रं भुंकत जातं, मालक आवाजाच्या मागे मागे जातो. लॅब्रेडॉर बंदूकवाल्याच्या पायाशी बसून हुकमाची वाट बघतो, कारण पाडलेला पक्षी आणून देणं एवढंच त्याचं काम. कारवान तोंडातून आवाज न काढता सुटतो आणि दहा आकडे मोजेस्तोवर शे-सव्वाशे मीटर पुढे गेलेला असतो. मालक घोड्यावर असो की अनवाणी, मागेच राहतो. तिथून पुढे ओढा ओलांडायचा की वळसा घालायचा, हा ससा सोडायचा की धरायचा, हे विचारायला कुत्रं परत येऊ शकत नाही. हाकेची वाट बघणारं, मालकाच्या तोंडाकडे बघत राहणारं पिल्लू या कामाला फुकटचं. त्याची पुढे पैदास कोण कशाला करील? पिढ्यान्पिढ्या लोकांनी निवडून निवडून न ऐकणारं कुत्रं तयार केलं, आणि आता आपण दिवाणखान्यात बसून त्याला 'कम हिअर' म्हणतो.

अनोळखी हात नको असणं, रागावलेलं सहन न होणं, याचं मात्र असं सोपं उत्तर माझ्याजवळ नाही. आबा त्याची तुलना खिल्लार बैलाशी करायचे. खिल्लारही आमच्याच दुष्काळी माळावरचा: चपळ, हलक्या हाडाचा, कावराबावरा, एकाच माणसाच्या हाताला लागणारा. "तापट जनावराला मार लागत न्हाई," ते म्हणायचे, "त्याला शब्द लागतो." सर्जा हे बैलाचं नाव मी ठेवलं ते म्हणून.

मग 1972 आलं. आमच्या भागात ते साल म्हटलं की कायद्याची नाही, दुष्काळाची आठवण निघते. आबा आणि आजी दोघंही रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होते, घरात लाल मिलोची भाकरी आणि पोरांना सुकडी. चार कारवानांना काय घालणार? दोन त्यांनी मंगळवेढ्याकडच्या एका पाहुण्याला दिले. तिसरा एका रात्री दावं तोडून गेला. चौथी कुत्री राहिली, ती आजी आपल्या ताटातलं टाकायची म्हणून. त्याच वर्षी दिल्लीत वन्यजीव संरक्षण कायदा झाला, आणि पुढे ससा, हरीण, चिंकारा, घोरपड कशाचीही शिकार हा गुन्हा ठरला. कायदा बरोबर होता. तोवर माळावरची काळविटं कुणाच्या आठवणीपुरती उरली होती. चोरून शिकार नंतरही होत राहिली, आणि पकडले गेले की नावं नेहमी पारध्यांची यायची, जीपवाल्यांची नाही. पण ज्या कामासाठी हे कुत्रं घडवलं ते काम एका सहीनं संपलं. कुत्र्याला ते कुणी सांगितलं नाही.

त्या चौथ्या कुत्रीची नात हिरी. मी नऊ वर्षांचा असताना तिला एकदाच सुटलेली पाहिली, आणि सोडलं कुणीच नव्हतं. ज्वारीची काढणी चालू होती. बायकांच्या ओळीपुढून ससा उठला, आणि बांधावर पाय पसरून झोपलेली हिरी तिथं नव्हती. उठताना मला दिसलीच नाही. मग लांब, दोन शेतांपलीकडे, एक पिवळट रेघ जमिनीला लागून सरकताना दिसली. पहिली गिरकी, दुसरी गिरकी. दुसरं कुत्रं असतं तर तिथंच संपलं असतं. सशानं सरळ फड्या निवडुंगाचं बेट गाठलं आणि हिरी त्याच्यामागून त्यात घुसली. पुढे काहीच दिसेना.

मी पळायला निघालो तर आबांनी दंड धरला. "कुत्रं सुटलं की आपण जागा सोडायची न्हाई. ते आपल्याला जिथं ठेवून गेलंय तिथंच परत येतं. तू हललास तर ते कुठं बघंल?" आम्ही बांधावर उभे राहिलो. ऊन चढलं. बायकांनी दोन ओळी संपवल्या. आबांनी तंबाखू मळली, थुंकली, पुन्हा मळली, पण पाय उचलला नाही. मग ओढ्याच्या बाजूनं ती आली, चालत, बरगडीवर हातभर ओरखडा, तोंड रिकामं. आबांपासून दोन हातांवर थांबली आणि दुसरीकडे बघत उभी राहिली. त्यांनीही तिला जवळ घेतलं नाही. संध्याकाळी काटे काढताना मात्र त्यांचं कानडी बराच वेळ चालू होतं.

आता या जातीला बरे दिवस आले म्हणतात. मुधोळजवळ तिम्मापूरला बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे, तिथून पिल्लं मिळतात. लष्करानं मीरतच्या आपल्या केंद्रात ही कुत्री नेऊन शिकवून पाहिली. सीमा सुरक्षा दलाच्या रिया नावाच्या मुधोळ कुत्रीनं तर 2024 मध्ये लखनौच्या अखिल भारतीय पोलीस स्पर्धेत विदेशी जातींना मागे टाकून पहिला नंबर काढला. तोही माग काढण्यात, म्हणजे नाकाच्या कामात! माझ्या सगळ्या नजरेच्या आणि न ऐकण्याच्या सिद्धान्ताची तिनं पुरती पंचाईत करून ठेवली आहे. शिकवणारा कसबी असला पाहिजे, एवढं म्हणून मी सुटका करून घेतो. पण सीमा सुरक्षा दलाच्या टेकनपूरच्या केंद्रात शिकवणारा आणि तिसऱ्या मजल्यावर 'देशी अभिमान' म्हणून पिल्लू आणणारा यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारातले दोन फोन मला गेल्या सहा महिन्यांत आले. दोघांचा प्रश्न एकच: "घेता का?"

सर्जाबरोबर राहणं तसं सोपं आहे. दिवसाचे सोळा तास तो झोपतो, सोफ्यावर, पाय वर करून, राजवाड्यातल्या पूर्वजांची लाज काढत. भुंकत नाही. मागच्या वर्षी पंजा चिरला तेव्हा टाके घालण्याआधी आमच्या डॉक्टरबाईंनी दोनदा वजन केलं, आणि समजावून सांगितलं की या बांध्याच्या कुत्र्यांच्या अंगात चरबी अगदीच कमी, त्यामुळे काही जुनी भुलीची औषधं रक्तातच जास्त वेळ राहतात आणि शुद्धीवर यायला उशीर होतो. औषध निवडून द्यावं लागतं. शुद्धीवर येताना त्यानं पहिल्यांदा आणि आजवर एकदाच माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. पूर्ण जाग आल्यावर उचललं.

गेल्या डिसेंबरात त्याला गावी नेला. गाव बदललंय. म्हैसाळ योजनेच्या कालव्याचं पाणी ज्या बाजूला पोचलं तिकडं डाळिंब आणि द्राक्षाच्या बागा झाल्यात, आणि बाग आली की काटेरी तार आली. पूर्ण वेगात असलेल्या कुत्र्याला ती तार दिसत नाही. चुलतभावानं दोन चांगली कुत्री तशीच गमावली. म्हणून मी आधी सगळं रान पायी फिरून पाहिलं. ओढ्याच्या अंगाला आमचं सहा एकर पड, तार कुठंच नाही, दोन दिवसांत ससाही दिसलेला नाही. सकाळी नऊ वाजता, आबा उभे राहायचे त्याच बांधावर, मी सर्जाचा पट्टा काढला.

तो लगेच गेला नाही. मान उंच करून उभा राहिला, कान मागे घेतले. लांब टोकाला काहीतरी पांढरं हललं, आणि तो नव्हता. हिरीच्या वेळी जे दिसलं नव्हतं ते मी या वेळी मुद्दाम डोळे फाडून पाहिलं: दुसऱ्या ढांगेला त्याचं अंग धनुष्यासारखं गोळा झालं, सुटलं, आणि खाली माती नव्हती. ते पांढरं म्हणजे युरियाचं फाटकं पोतं होतं, वाऱ्यानं पळणारं. त्यानं ते गाठलं, हुंगलं, आणि मग ओढ्यात उतरला.

पाच मिनिटं झाली. मी हाक मारली नाही. दहा मिनिटं झाली. पलीकडे रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला, तेव्हा पोटात गोळा आला. वस्तीवरून वहिनींचा आवाज आला, "भाऊजी, चहा झालाय, या की!"

"आणून ठेवा इथंच," मी ओरडलो. "मला हलता येत नाही."

त्या कपबशी घेऊन आल्या, बांधावर ठेवली, माझ्या हातातल्या रिकाम्या पट्ट्याकडे बघितलं. चहावर साय धरली. मग पाठीमागून, ज्या दिशेला मी बघतच नव्हतो तिकडून, धापा टाकल्याचा आवाज आला. सर्जा माझ्यापासून दोन हातांवर येऊन उभा होता, जीभ बाहेर, पाय चिखलानं माखलेले, आणि बघत होता ओढ्यापलीकडे.